चढ, वळण आणि दातेरी चाके : मिशिगनच्या जंगलापासून टेबलावरच्या रेल्वेपर्यंत

१/ गारगोटीला रेल्वे कधीच आली नाही. भुदरगड तालुक्यातील या गावाला रेल्वे गाठायची तर कोल्हापूर. तेथे मिरजेहून लोहमार्ग आला १८९१ साली. गारगोटीच्या पश्चिमेला उभा आहे सह्याद्री. अशा डोंगरांत रेल्वे नेताना नेमके काय अडते आणि अभियंत्यांनी त्यावर कोणते तोडगे काढले, याचा हा धागा. 🧵

२/ वाफेच्या नेहमीच्या इंजिनाची चालक चाके एका ताठ सांगाड्यात बसवलेली आणि बाहेरच्या दांड्यांनी एकमेकांना जोडलेली असतात. सपाटीवर ही रचना उत्तम. तीव्र वळणावर मात्र ताठ सांगाडा वळत नाही. शिवाय वजनाचा जो भाग चालक चाकांवर नसतो, तो चढावर रुळाची पकड वाढवत नाही.

३/ अमेरिकेतील मिशिगन राज्यात एफ्राइम शे हा लाकडाचा व्यापारी होता. जंगलातून ओंडके गिरणीपर्यंत आणायचे होते, आणि त्यासाठीचे रूळ स्वस्त, वेडेवाकडे, तात्पुरते. त्याने निराळेच इंजिन रचले आणि १८८१ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. ओहायोतील लायमा येथील कारखान्याने १९४५ पर्यंत अशी २,७०० हून अधिक इंजिने बांधली.

४/ शे इंजिनाचे सिलिंडर उभे आणि उजव्या बाजूला. तोल साधण्यासाठी बॉयलर डावीकडे सरकवलेला. सिलिंडर एक लांब दांडा फिरवतात. त्या दांड्याला लवचीक सांधे असतात, आणि दातेरी चाकांमधून त्याची गती प्रत्येक चाकापर्यंत पोहोचते. बोग्या वळणासोबत वळतात, सगळे वजन पकडीच्या कामी येते. वेग अगदी कमी, जोर प्रचंड.

५/ क्लायमॅक्स आणि हाइस्लर ही याच जातीची आणखी दोन इंजिने. मात्र या यंत्रांचे यश हाच त्यांचा शेवट होता. एका उतारावरची झाडे संपली की रूळ उखडून पुढच्या उतारावर टाकले जात. जंगल गेले, मागोमाग मार्गही गेला.

६/ महाराष्ट्रात हाच प्रश्न उभा राहिला नेरळ-माथेरान घाटात. सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने सुमारे १६ लाख रुपये खर्चून १९०७ मध्ये हा मार्ग सुरू केला. रुळांमधील अंतर फक्त २ फूट; चढ २० फुटांना १ फूट इतका तीव्र. तोडगा मात्र दातेरी चाकांचा नव्हता.

७/ जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीच्या इंजिनांना येथे क्लीन-लिंडनर पद्धतीचे आस होते. टोकाच्या चाकांचा आस पोकळ. त्याच्या आत दुसरा भरीव आस, आणि दोहोंमध्ये गोलाकार सांधा. त्यामुळे सांगाडा ताठ राही, पण टोकाची चाके वळणानुसार कलत. प्रश्न एकच, उत्तरे दोन.

८/ आता टेबलाकडे. मॉडेल रेल्वेचे लोकप्रिय प्रमाण १:८७. त्यात १,४३५ मिमीचे प्रमाण गेज होते १६.५ मिमी आणि माथेरानचे ६१० मिमी होते ७ मिमी. टेबलावर जागा अपुरी, म्हणून वळणे नेहमीच तीव्र. जंगलातली अडचण येथे आपोआप परत येते, आणि शे इंजिन येथेही सहज वळते.

९/ ताशी २० किमी वेग या प्रमाणात सेकंदाला जेमतेम ६.४ सेंमी भरतो. इतके सावकाश चालताना रुळावर जराशी धूळ असली तरी वीज तुटते आणि इंजिन थबकते. म्हणून जितक्या अधिक चाकांतून वीज घेतली जाईल तितके बरे. रूळ पुसणे हा या छंदाचा नित्यनेम आहे.

१०/ पुण्यात भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. तेथील रेल्वेही १:८७ प्रमाणातलीच. पुस्तकात ज्यावर एक ओळ असते, ते सिग्नल, सांधे आणि वळणे तेथे प्रत्यक्ष काम करताना दिसतात.

११/ गारगोटीकरांच्या अधिक जवळची कथा बार्शी लाइट रेल्वेची. १८९७ मध्ये सुरू झालेली ही ७६२ मिमीची नॅरोगेज पुढे मिरजेपर्यंत आली. आज तिचे रुंदीकरण झाले आहे; जुना मार्ग त्या रूपात उरलेला नाही. १:८७ मध्ये तिचे रूळ ८.७६ मिमीचे होतात, आणि ९ मिमीचे रूळ तयार मिळतात.

१२/ म्हणजे मिरजेचे एखादे जुने फलाट टेबलावर उभे करणे अवघड नाही. अवघड आहे ते त्याआधीचे काम : फलाटाची लांबी किती, पाण्याची टाकी कोणत्या बाजूला, डब्यांचा रंग कोणता? मॉडेल करणाऱ्याला अंदाजावर भागवता येत नाही; त्याला जुने नकाशे, छायाचित्रे आणि जाणत्यांच्या आठवणी धुंडाळाव्या लागतात. ती गाडी पाहिलेली माणसे अजून आहेत, तोवर हे विचारून घ्यायला हवे.