काचेचा ड्रेस ते फायबरची होडी

आजचा भाग खाजेपासून सुरू होतो. हसू नका, खरंच.

मागच्या मे महिन्यात हर्णै बंदरावर गेलो होतो. किनाऱ्यावर एक होडी कलती करून ठेवलेली आणि एक दादा मशीनने तिचं पोट घासत होते. नाकाला रुमाल, हातभर बाह्यांचा शर्ट, त्या उन्हात! मी आपला शहाणा, होडीला हात टेकून गप्पा मारायला उभा राहिलो. पाच मिनिटांत मनगटापासून कोपरापर्यंत अशी खाज सुटली की विचारू नका. दादा म्हणाले, "अहो, चोळू नका. चोळलं की आणखी आत जातं. गार पाणी ओता."

"पण आहे काय हे?"

"काच."

आता होडी पांढरीशुभ्र, तिच्यावर निळा पट्टा, आणि हे म्हणतायत काच! पण ते अगदी बरोबर सांगत होते. आपण ज्याला नुसतं 'फायबर' म्हणतो ते फायबरग्लास म्हणजे काचेच्या बारीक धाग्यांचं कापड किंवा चटई, रेझिनमध्ये भिजवून कडक केलेली. वाळू, चुनखडी वगैरे वितळवून काच करायची. ती प्लॅटिनमच्या मिश्रधातूच्या तबकडीतल्या शेकडो बारीक भोकांतून खाली सोडायची आणि प्रचंड वेगाने ओढायची. शेवया पाडतात तसंच, फक्त हजार अंशांच्या वर. जो धागा निघतो तो आपल्या केसाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतका जाड. हातात टोचतात ते याचेच तुकडे.

प्रश्न असा, की जी काच बशी पडली तरी फुटते, तिची होडी करायचं डोक्यात आलं कोणाच्या?

खरं तर काचेचा धागा फार जुना आहे. इजिप्तमध्ये साडेतीन हजार वर्षांपूर्वी छोट्या कुप्यांवर रंगीत काचेचे धागे गुंडाळून नक्षी करायचे. पण ते धागे जाड, आणि काम फक्त शोभेचं. १७१३ मध्ये रेओम्युर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एक कल्पना मांडली: काच कोळ्याच्या जाळ्याइतकी बारीक ओढता आली तर ती वाकेल, आणि मग तिचं कापडही विणता येईल. कल्पना शंभर टक्के खरी होती. पण तेवढं बारीक ओढणारं यंत्र कोणाकडेच नव्हतं.

पुढचा थांबा शिकागो, १८९३. तेच जागतिक प्रदर्शन, ज्याच्या निमित्ताने सर्वधर्म परिषद भरली आणि विवेकानंद बोलले. त्याच प्रदर्शनात एडवर्ड लिबी या काचकारखानदाराने काचेचं कापड मांडलं होतं. उभा धागा रेशमाचा, आडवा काचेचा. जॉर्जिया केव्हन या नटीने त्याचा ड्रेस शिवून घेतला. स्पेनच्या राजकन्येला, युलालियाला, तो इतका आवडला की तिच्यासाठीही एक झाला. तो ड्रेस आज म्युनिकच्या संग्रहालयात आहे.

दिसायला झकास, चमचमणारा. पण अंगावर घालून बघा! वजनदार कापड, घडी पडली की धागा मोडणार, आणि मोडलेला धागा कुठे जाणार? माझ्या कोपराला विचारा. थोडक्यात, बाजारात हा माल चालला नाही. लिबींचं चुकलं कुठे हे समजायला मधे एका इंग्रज माणसाला भेटावं लागेल, आणि माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला हा सगळ्यात भारी माणूस आहे.

ॲलन ग्रिफिथ. इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या सरकारी विमान-संशोधन केंद्रात काम करायचा. त्याला प्रश्न पडला होता की वस्तू तुटतात का? प्रयोगासाठी त्याने काच घेतली, कारण काच सरळ तुटते, मधे ताणली-वाकली जात नाही. तो काचेच्या काड्या तापवून ओढायचा आणि किती जोराने तुटतात ते मोजायचा. एक मिलिमीटर जाडीची काडी साधारण १७० मेगापास्कल ताणाला तुटली. मग तो बारीक बारीक करत गेला. तीन मायक्रॉनच्या आसपासचा धागा टिकला तब्बल ३४०० मेगापास्कलपर्यंत. म्हणजे काच तीच, ताकद वीसपट! साध्या पोलादापेक्षा कितीतरी जास्त.

कारण त्याने शोधलं ते असं. काच मुळात कमजोर नाहीच. तिच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे असतात, आणि ओढलं की सगळा ताण त्या ओरखड्याच्या टोकाशी गोळा होतो. तिथून फट पळत सुटते. प्लास्टिकची पुडी फाडताना आधी दातांनी एक खाच करतो ना आपण, तेच. आता धागा जितका बारीक, तितकी त्यात मोठ्या ओरखड्याला जागाच कमी. हा निबंध १९२१ मध्ये छापून आला आणि आजही विमानांच्या तपासणीमागे हेच गणित आहे.

आता लिबींच्या ड्रेसकडे परत बघा. त्यातले धागे उघडे होते. एकमेकांवर घासणार, घासले की ओरखडे, ओरखडे की तुकडे. काचेच्या धाग्याला ताकद होती, पण ती सांभाळणारं कोणी नव्हतं.

इथे दोन गोष्टी जुळून याव्या लागल्या. पहिली १९३२ मधली, आणि चुकून घडलेली. अमेरिकेत ओवेन्स-इलिनॉय कंपनीत डेल क्लाइस्ट हा तरुण संशोधक बांधकामातल्या काचेच्या दोन विटा हवाबंद जोडायच्या खटपटीत होता. वितळलेल्या काचेवर दाबाच्या हवेचा झोत पडला आणि जोड राहिला बाजूला, सगळीकडे काचेचा बारीक कापूस उडाला. दुसऱ्या कोणी झाडू मारून पुन्हा कामाला लागलं असतं. पण हीच तर गोष्ट आपण शोधतोय, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांचे वरिष्ठ गेम्स स्लेटर यांनी पुढे हवेऐवजी वाफ वापरून पद्धत बसवली आणि पेटंट घेतलं. १९३८ मध्ये ओवेन्स-इलिनॉय आणि कॉर्निंग यांनी मिळून ओवेन्स-कॉर्निंग ही वेगळी कंपनीच काढली. हा काचेचा कापूस म्हणजे ग्लासवूल. मॉलच्या, थिएटरच्या एसी डक्टला गुंडाळलेला असतो तो. (अमेरिकेत तो गुलाबी मिळतो, आणि त्या गुलाबी रंगावरच या कंपनीला ट्रेडमार्कचा हक्क आहे. १९८५ मध्ये कोर्टाने तसा निकाल दिला. रंगावर हक्क! असो.)

दुसरी गोष्ट म्हणजे रेझिन. १९३० च्या दशकात कार्लटन एलिस यांनी पॉलिएस्टर रेझिनवर काम केलं. पाकासारखं पातळ, हार्डनर घातला की काही वेळात दगड. त्यात काचेचं कापड भिजवलं आणि जोडी जमली. रेझिन एकटं ठिसूळ, धागा एकटा ओरखड्यांना घाबरणारा. एकत्र आल्यावर रेझिन धाग्यांना एकमेकांवर घासू देत नाही. एखादा धागा तुटला तरी फट रेझिनमध्ये अडते आणि भार शेजारच्या धाग्यांवर जातो. भिंतीत कुडाच्या काड्या आणि माती, तोच हिशोब.

मग दुसरं महायुद्ध. रडारवर झाकण हवं होतं, पण धातूचं केलं तर लहरी अडणार. फायबरग्लासमधून त्या आरपार जातात, म्हणून विमानांच्या रडारची झाकणं याची झाली. १९४२ च्या सुमारास अमेरिकेतल्या टोलेडो शहरात रे ग्रीन यांनी याची होडी बनवली. टोलेडो म्हणजे लिबींच्या कारखान्याचंच गाव.

युद्ध संपल्यावर झाकणं बनवणारी झेनिथ प्लास्टिक्स ही कंपनी चार्ल्स आणि रे ईम्स या डिझायनर जोडप्यासाठी खुर्च्या बनवू लागली, १९५० मध्ये. १९५३ मध्ये शेवरोलेची कॉर्व्हेट आली, पहिल्या वर्षी फक्त ३०० गाड्या, सगळ्या पांढऱ्या. पत्र्याच्या गाडीला अवाढव्य महागडे साचे लागतात, लाखभर गाड्या काढल्या तरच ते परवडतात. फायबरला एक साचा, चार माणसं, ब्रश आणि रोलर पुरतो. याच हिशोबाने पुढे बंगळुरात सिपानीची डॉल्फिन ही गाडी फायबरच्या बॉडीत निघाली. बांबू उडीत तर कहरच झाला: १९६० मध्ये धातूच्या काठीने विश्वविक्रम ४.८० मीटर होता, फायबरच्या लवचिक काठीने तो १९६४ पर्यंत ५.२८ वर गेला.

आणि आज? एक गंमत आधी सांगतो. आपण ज्याला 'फायबरची खुर्ची' आणि 'फायबरची टाकी' म्हणतो त्या बहुतेक वेळा फायबरग्लासच्या नसतातच, ते साधं प्लास्टिक असतं. खरं फायबरग्लास दुसरीकडे सापडेल: वॉटर पार्कमधली घसरगुंडी, कपड्यांच्या दुकानातले पुतळे, बाथरूमचे काही दरवाजे, वायरमनची शिडी, डास अडवणारी खिडकीची जाळी, मंडळाची कायमस्वरूपी ठेवलेली गणेशमूर्ती. आणि तुम्ही आत्ता ज्याच्यावर हे ऐकताय तो फोन. त्यातला सर्किट बोर्ड म्हणजे काचेचं विणलेलं कापड आणि इपॉक्सी रेझिन. लिबींचं कापड अखेर चाललं, फक्त आत लपून!

"हे ॲस्बेस्टॉससारखं घातक नाही ना?" असं बरेच जण विचारतात. नाही. ॲस्बेस्टॉसने कॅन्सर होतो हे सिद्ध आहे. साधं ग्लासवूल आणि सलग काचधागा यांना जागतिक कॅन्सर संशोधन संस्थेने २००२ च्या अहवालात त्या धोक्याच्या यादीबाहेर ठेवलं. पण खाज, डोळ्यांची जळजळ, कापताना उडणारी धूळ आणि रेझिनचा तो उग्र वास, हे सगळं कामगारांच्या वाट्याला येतंच. दादांचा रुमाल पुरेसा नव्हता, चांगला मास्क हवा होता.

खरी अडचण वेगळीच आहे. कडक झालेलं हे रेझिन तापवलं तरी पुन्हा वितळत नाही. लोखंड भंगारात जातं, प्लास्टिकची बाटली वितळते, पण या जोडीची ताटातूट कशी करायची? साताऱ्याजवळ वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या आठवतायत? तसली पाती मुख्यतः फायबरग्लासची, आयुष्य साधारण वीस-पंचवीस वर्षं. अमेरिकेत वायोमिंगच्या कॅस्पर गावात जुनी पाती कापून चक्क जमिनीत पुरली. जर्मनीत ती भरडून सिमेंटच्या भट्टीत घालतात. डेन्मार्कमध्ये एका पात्याची सायकल स्टँडची शेड केली, छान आहे, पण अशा किती शेड लागणार?

हर्णैच्या दादांनाही मी हे विचारलं, जुनी झालेली होडी कुठे जाते? ते म्हणाले, "लाकडाची होती तेव्हा शेवटी चुलीत जायची. ही कोण जाळणार, धूर किती काळा! वाडीत पडलीय बघा जुनी." माडाच्या बुंध्याशी खरंच एक पालथी होडी होती, आणि तिच्याखाली कोंबड्या.

पुढच्या भागात काचेच्या दुसऱ्या धाग्याकडे जाऊ, इंटरनेटवाल्या. आणि हो, खिडकीची जाळी घरी कापणार असाल तर पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.