उचल देताना किल्लारी आठवा

मागच्या पावसाळ्याआधी आमच्या गटातल्या एका ताईंनी घरदुरुस्तीसाठी गटाकडून कर्ज घेतलं. गुत्तेदारानं अर्धी रक्कम उचल म्हणून नेली, पत्रे उतरवले आणि पुन्हा फिरकलाच नाही. पाऊस आला तेव्हा घर उघडं, कर्जाचा हप्ता मात्र चालू. त्या वेळी आम्हाला आपल्याच मराठवाड्याचा इतिहास आठवला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं जड माळवद कोसळून हजारो माणसं गेली. ५२ गावं नव्या जागी वसवली. इतर शेकडो गावांत मात्र घरं आहेत तिथंच दुरुस्त करायची होती. तिथं पैसे गुत्तेदाराच्या हाती न देता घरमालकाच्या खात्यात हप्त्याहप्त्यानं जमा झाले. गवंडी मालकानंच ठरवायचा. गावोगावच्या महिला मंडळांतून 'संवाद सहायक' नेमल्या गेल्या. घर मजबूत कसं करायचं, भिंतीत आरपार दगड कशाला हवा, हे बाया शिकल्या आणि शेजारणींना सांगू लागल्या.

आम्हीही गटात ठराव केला. दुरुस्तीचं कर्ज एकरकमी द्यायचं नाही. काम, दर, मुदत कागदावर घ्यायची. झालेलं काम दोघी सदस्यांनी बघितल्यावरच पुढचे पैसे. ताईंचं घर दुसऱ्या गवंड्याकडून याच रीतीनं पुरं झालं. पहिल्या गुत्तेदाराकडची उचल अजून यायची आहे. आम्ही मागणं सोडलेलं नाही.