रंग बदलला, पोट नाही

इ. स. १४६९ च्या सुमारास रशियातील त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितीन चौल बंदरात उतरला. विकण्यासाठी त्याने एक घोडा आणला होता. चौलहून तो पालीमार्गे घाट चढून जुन्नरला गेला. ही पाली म्हणजे रोह्याजवळची, सुधागडची पाली असे मानले जाते. या देशात घोडे पैदा होत नाहीत, असे त्याने लिहून ठेवले आहे. देशी तट्टे इथे होती. पण लष्कराला हवे असलेले मोठे घोडे अरबस्तान व इराणकडून समुद्रमार्गे येत, हे खरे.

याचे कारण घोड्याच्या मुळात आहे. घोडा हा गवताळ मैदानांचा प्राणी. आजचे पाळीव घोडे सुमारे ४२०० वर्षांपूर्वी व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या परिसरात माणसाळवलेल्या घोड्यांचे वंशज आहेत, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए संशोधनातून दिसले. त्यांचे रानटी पूर्वज आता उरलेले नाहीत. जवळचा नातेवाईक म्हणजे मंगोलियातील प्रझेवाल्स्की घोडा. मातकट पिवळसर अंग, पाठीवर गडद पट्टा आणि उभी आखूड आयाळ हे त्याचे रूप. रानातून तो १९६० च्या दशकात नाहीसा झाला. प्राणिसंग्रहालयांत जगलेल्या घोड्यांची संतती १९९२ पासून तेथे पुन्हा सोडण्यात आली.

मग अबलख, पंचकल्याणी, पांढरे घोडे आले कोठून? प्राचीन हाडांतील डीएनए सांगतो की, हिमयुगात तांबूस-तपकिरी, काळे आणि काही ठिपकेदार घोडेही होते. परंतु रंगांची खरी रेलचेल माणसाळवल्यानंतर झाली. रानात उठून दिसणारा घोडा शिकारी प्राण्यांच्या नजरेत भरतो. पागेत मात्र माणूस त्याला राखतो, आवडला तर त्याचीच पैदास करतो. निवड करणारा बदलला, म्हणून रंग बदलले.

स्वभाव मात्र तसा बदलला नाही. रानात एक नर, काही माद्या आणि शिंगरे असा कळप असतो. संकट आले की लढण्यापेक्षा पळणे आणि सोबत्यांच्या मागे धावणे ही त्यांची रीत. घोडदळ एकत्र दौडते, त्यामागे हीच कळपवृत्ती आहे.

पोटही तेच राहिले. घोड्याचे जठर लहान असते. गवतातील तंतू पचवण्याचे काम मोठ्या आतड्यातील व अंधांत्रातील सूक्ष्मजीव करतात. म्हणून मोकळा घोडा दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ थोडे थोडे चरत असतो. इथे घोड्यांना कडधान्य आणि साखर घालून शिजवलेली खिचडी देतात, असे निकितीनने नोंदवले आहे. दाण्यातून थोडक्यात भरपूर शक्ती मिळते. पण ते अति झाले, की न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो. त्यातून पोटशूळ उठतो, खुरांनाही सूज येऊ शकते. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे चुकीचा घास परत फिरत नाही.

निकितीनला तो घोडा विकायला बीदर गाठावे लागले. तोवर वर्षभर त्याला पोसण्याचा खर्च झाला होता. परदेशी घोडा विकत घेणे एकवेळ सोपे, पण त्याचे गवताळ मैदान कोठून आणणार? घोडदळ बाळगणाऱ्या प्रत्येक सत्तेपुढे हा प्रश्न रोज सकाळी उभा असे.

माथेरानच्या सहलीत मुले घोड्याचा रंग पाहतील. त्यांना एवढेच विचारायला सांगावे : याला दिवसाला गवत किती आणि चंदी किती?