निळीचा डबा

बेलफास्टचे समाजशास्त्रज्ञ बिल रोल्स्टन 1981 पासून तिथल्या भिंतींवरच्या राजकीय चित्रांचे फोटो काढत आले. त्यांचं पहिलं फोटोपुस्तक 1992 साली निघालं. उपोषणात मेलेले कैदी, बंदुका, झेंडे असं सगळं त्यांच्या फोटोंत आहे. समाजशास्त्र शिकवताना ही माहिती मी मुलांना आवर्जून सांगायचे, कारण आपल्या औरंगाबाद शहराच्या भिंतींची अशी नोंद कुणी ठेवली नाही, याची मला खंत आहे.

27 जुलै 1978 ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झाला आणि मराठवाडा पेटला. खेड्यापाड्यांतल्या दलित वस्त्या जळाल्या. टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना ठार मारलं. ठरावाची अंमलबजावणी लांबली, ती थेट 1994 पर्यंत. या काळात भिंत हेच आमचं वर्तमानपत्र होतं. भीमनगरातली पोरं रात्री निघायची, काडीला चिंधी गुंडाळून केलेली कुची घेऊन. आम्हा मुलींना रात्री बाहेर पडू देत नसत. रंग करून देणं आमच्याकडे असे. कपड्यांची नीळ, थोडा चुना, आणि अक्षर पावसात धुऊन जाऊ नये म्हणून उकळलेला सरस. त्याचा वास दोन-दोन दिवस घरातून जात नसे. ‘नामांतर झालेच पाहिजे’ एवढं लिहायला एक डबा पुरायचा. सकाळी कुणीतरी त्यावर चुना फासलेला असे. संध्याकाळी आम्ही पुन्हा नीळ कालवायला बसायचो.

निळाच का, असं विद्यार्थी विचारायचे. 1942 साली स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा झेंडा निळा होता, तो रंग पुढे रिपब्लिकन पक्षाने घेतला. गावात जो रंग दिसताच वस्ती ओळखली जायची, तोच आम्ही शहराच्या हमरस्त्यावर नेला.

गोविंदभाई श्रॉफांसारखे हैदराबाद मुक्तिसंग्रामातले नेते नामांतराच्या विरोधात उभे राहिले, याचं दुःख मला आजही आहे. नोव्हेंबर 1993 मध्ये नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. त्यानंतर 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला : डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ.

त्या दिवसापासून या लढ्याचं चित्र ठरून गेलं, ते म्हणजे विद्यापीठाचं गेट. दर 14 जानेवारीला लोक तिथे येतात, कमानीला हात जोडतात, तिचे फोटो चौकटीत घालून घरी नेतात. बेलफास्टच्या भिंतींवर बंदूकधारी उभे राहिले. आमच्या घराघरांत शिक्षणाचा दरवाजा लागला. याचा मला अभिमान वाटतो.

शहराच्या नावाचा वादही भिंतींवरच वाढला. 8 मे 1988 ला बाळासाहेब ठाकरे यांनी सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावर ‘संभाजीनगर’ जाहीर केलं. सरकारी शिक्का बसायला 2023 उजाडलं. मधल्या काळात 1995 चा मालमत्ता विद्रूपीकरणविरोधी कायदा आला, पाठोपाठ फ्लेक्स आले. फ्लेक्सवर वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात आणि नेत्यांचे चेहरे असतात. हाताचं अक्षर तिथे नसतं.

तुमच्या घरच्या जुन्या अल्बममध्ये, लग्नाच्या वरातीमागे, मोर्चाच्या फोटोत अशी एखादी रंगवलेली भिंत दिसली, तर फोटोमागे साल आणि गल्लीचं नाव लिहा आणि त्याची एक प्रत जवळच्या ग्रंथालयात द्या.