‘गंगाधरपंतांचे पानिपत’ : एका विज्ञानकथेचा मागोवा

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही डॉ. जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) यांची विज्ञानकथा. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे ट्रकचा धक्का बसून एका वेगळ्याच हिंदुस्थानात जाऊन पोचतात. त्या हिंदुस्थानात १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठे जिंकलेले असतात. मराठीतल्या मोजक्या कथाच आपल्या भागातल्या वाचकांना इतक्या जवळच्या वाटल्या असतील. त्याचे कारण उघड आहे.

ग्वाल्हेर, इंदूर आणि बडोदे या तिन्ही घराण्यांचा पानिपताशी थेट संबंध आहे. दत्ताजी शिंदे वर्षभर आधीच बुराडी घाटावर पडले होते. जनकोजी पानिपतानंतर पकडले जाऊन मारले गेले, तर महादजी जखमी होऊन वाचले आणि पायाचे अधूपण जन्मभर वागवत राहिले. मल्हारराव होळकर सैन्यासह निसटले, आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. दमाजी गायकवाडही जिवंत परतले. शिवाय ‘पानिपत होणे’ हा शब्दप्रयोग आपण परीक्षेतल्या नापाशीपासून निवडणुकीतल्या पराभवापर्यंत कुठेही वापरतो, आणि ‘विश्वास पानिपतावर गेला’ ही कोटी घरोघर ऐकलेली असते.

नारळीकरांनी नेमका हाच विश्वास परत आणला. कथेतल्या दुसऱ्या इतिहासात विश्वासरावांना लागणारी गोळी कानाजवळून निघून जाते, ते वाचतात आणि सैन्याचा धीर सुटत नाही. एवढ्याशा फरकाने पुढची दोनशे वर्षे बदलतात. गंगाधरपंत हे मुंबईच्या ग्रंथालयात बसून वाचतात, तेही स्वतःच लिहिलेल्या इतिहासाच्या खंडात! राजेंद्र देशपांडे हा त्यांचा मित्र नंतर त्याची उकल करतो. त्यासाठी तो गणितातल्या ‘कॅटॅस्ट्रॉफी’ सिद्धांताचा आणि पुंजभौतिकीतल्या अनिश्चिततेचा आधार घेतो. इलेक्ट्रॉन कोणत्या वाटेने जाईल हे आधी ठरवता येत नसेल, तर न घडलेल्या वाटाही कुठेतरी खऱ्या असू शकतील, असा त्याचा तर्क आहे. हा भाग थोडा वर्गातल्या व्याख्यानासारखा झाला आहे, हे मान्य केले पाहिजे. नारळीकरांच्या बऱ्याच कथांत पात्रांपेक्षा कल्पना मोठी असते.

पण कथेची खरी ताकद पुढे आहे. मराठे जिंकले म्हणून रामराज्य आले, असे लेखक म्हणत नाही. पेशवे विज्ञानाचे महत्त्व ओळखून ते आपल्याकडे वाढवतात, दिल्लीची गादी नावापुरती राहते, हळूहळू सत्ता लोकांनी निवडलेल्यांकडे जाते. मुंबई मात्र इंग्रजांकडेच असते. अभिमानाने वाचायला बसलेल्या वाचकाला इथे जरा थांबावेच लागते. विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’ (१९८८) या कादंबरीने जे घडले त्याचे दुःख जागे केले. या कथेने ते कुठे वळू शकले असते याचा विचार करायला लावला. दोन्ही पुस्तके एकाच घरात असावीत.

विज्ञानकथा मराठीला नवी नव्हती. कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी कोचीनला राहत असताना सुरू केलेल्या ‘केरळकोकिळ’ मासिकात १९०० साली ज्यूल व्हर्नच्या चांद्रसफरीचे मराठी रूप येऊ लागले होते. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांच्या हाती दिला. नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी लावली होती. कथेला पहिले बक्षीस मिळाले आणि मग खरे नाव बाहेर आले. केंब्रिजमधले त्यांचे गुरू फ्रेड हॉयल हेही ज्योतिर्विद आणि विज्ञान-कादंबरीकार होते, तेव्हा हा वारसा तिकडचाही आहे. पण नारळीकरांची माणसे पुण्या-मुंबईची असतात, ती बखर वाचतात आणि भाषणाला उभी राहतात. आपल्याच मातीतल्या गोष्टीवर विज्ञानकथा उभी राहते हे त्यांनी दाखवले. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांच्या लेखनाने ही वाट रुंद केली.

नारळीकर वाढले ते बनारसला. घर मराठी, शाळा हिंदी. आपल्यापैकी अनेकांचे बालपण असेच गेले आहे.

या कथेचे संक्षिप्त इंग्रजी रूप ‘द ॲडव्हेंचर’ एनसीईआरटीच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ पुस्तकात घेतले गेले. त्यामुळे मराठी न वाचणारी आपली नातवंडेही विश्वासरावांना ओळखतात, अनेकदा आजोबांच्या आधी पाठ्यपुस्तकातून. त्यांना मूळ कथा वाचून दाखवायला ही चांगली सबब आहे. संक्षेपात बरेच गाळले गेले आहे.

मंडळांच्या कार्यकर्त्यांना मात्र या कथेत एक खास गंमत सापडेल. त्या दुसऱ्या हिंदुस्थानात आझाद मैदानावर सभा चालू असते आणि अध्यक्षाची खुर्ची रिकामी असते. ९९९ सभांचे अध्यक्षपद भूषवलेल्या गंगाधरपंतांना ते कसे बघवणार? ते सरळ जाऊन खुर्चीत बसतात, आणि अध्यक्षीय भाषणांना कंटाळलेले श्रोते त्यांच्यावर टोमॅटो-अंडी फेकतात. आपल्या जगात परतल्यावर पंत पानिपतावरच्या परिसंवादाच्या आयोजकांना नकार कळवून टाकतात.