बांध कोणाचा?

गोव्यात पारंपरिक ज्ञानावर चर्चासत्र भरले की पहिली दहा-पंधरा मिनिटे शोकसभेची असतात. जाणती माणसे चालली, त्यांच्यामागून झाडपाला चालला, भरती-ओहोटीचा हिशेब चालला; तेव्हा उरलेल्यांना गाठा, त्यांचे बोलणे टिपून घ्या, पुस्तक काढा, शाळेच्या पुस्तकात एक धडा घाला. पेडणे आणि डिचोली यांचे नाव अशा वेळी हमखास निघते. हे दोन्ही तालुके नव्या काबिजादीतले. १७८१ ते १७८८ या काळात ते पोर्तुगीजांच्या हाती आले, तोवर तिसवाडी, बार्देश, साष्टीतला धर्मांतराचा जोर ओसरला होता. म्हणून इथले ज्ञान बाहेरच्या वाऱ्यापासून वाचले, शुद्ध राहिले, आणि आता मात्र विसरले जात आहे, असे मांडले जाते. वक्ते वेगवेगळे असले तरी हा पूर्वपक्ष बहुतेक असाच असतो, आणि मांडणाऱ्यांचा हेतूही चांगला असतो.

तरीही तो दोन ठिकाणी चुकतो. लोकज्ञान शुद्ध राहून टिकते हे खरे नाही. आणि ते जाते तेव्हा विसरल्यामुळे जाते, हे तर त्याहूनही कमी खरे आहे.

शुद्धतेचा मुद्दा लवकर निकालात काढता येतो. पोट बिघडले की पेरूच्या कोवळ्या पानांचा काढा द्यायचा, हे पेडण्यातली कोणतीही आजी सांगेल आणि आपल्या आजीपासून चालत आले असेही म्हणेल. पेरू हे अमेरिकेतले झाड. काजू, मिरची, पपई यांच्यासारखेच सोळाव्या शतकात आणि त्यानंतर समुद्रमार्गे आलेले. काजूचे तर विशेषच आहे. टाचांच्या भेगांना बिब्ब्याचे तेल लावायची पद्धत आपल्याकडे जुनी. ब्राझीलमधून काजू आला आणि त्याच्या टरफलाचे जहाल तेल त्याच कामाला लागले. होडीच्या लाकडाला कीड लागू नये म्हणूनही ते वापरात आले. बिब्बा आणि काजू एकाच कुळातले, हे वनस्पतिशास्त्राने आपल्या पद्धतीने सांगितले. इथल्या माणसांनी ते कातडी भाजून घेऊन ओळखले असणार. परके झाड अंगणात लावायचे, त्याचा गुणदोष पिढी-दोन पिढ्या पाहायचा आणि पटले तर बटव्यात टाकायचे, ही रीत असलेल्या समाजाला 'अस्पर्शित' म्हणणे हा खरे तर त्याच्या बुद्धीचा अवमान आहे.

विसरण्याचा मुद्दा मात्र सविस्तर पाहायला हवा, कारण सगळी योजना, सगळा निधी त्याच्यावर उभा आहे. त्यासाठी खाजनाइतके चांगले उदाहरण नाही.

गोव्यात सुमारे १८,००० हेक्टर खाजन जमीन आहे. पेडण्यात ती शापोरा आणि तेरेखोल या नद्यांच्या काठाने पसरली आहे, डिचोलीत मांडवीच्या खाऱ्या पाण्याच्या टप्प्यात. ही जमीन भरतीच्या पातळीपेक्षा सखल. चिखलमातीचा, जागोजागी चिऱ्यांनी बळकट केलेला बांध घालून ती नदीतून सोडवून घेतलेली. बांधात मानस, म्हणजे लाकडी झडपांचे दार. भरती चढली की बाहेरचे पाणी झडप लोटून आपोआप बंद करते. ओहोटीला आतले पावसाचे पाणी झडप उघडून बाहेर पडते. मानशीच्या आतल्या बाजूला पोंय, म्हणजे खोलगट पाणथळ. शेतातले पाणी तिथे गोळा होते आणि मासळीही तिथेच वाढते. पावसाने जमिनीतले मीठ धुऊन निघाले की कोरगुट, आसगो यांसारखी खारेपण सोसणारी भाते लावायची. कापणीनंतर काही काळ खारे पाणी आत घ्यायचे, त्याबरोबर गाळ आणि कोळंबी येते. बांधाला बिळे पाडणाऱ्या कुर्ल्या पकडून खायच्या, म्हणजे जेवण होते आणि बांधही राहतो. बाहेरच्या अंगाला कांदळ राखायचे, कारण लाटेचा मार आधी ते झेलते.

हे सारे कोणाच्या डोक्यात होते? थोडेथोडे सगळ्यांच्या. मानशीवर पाळी सांभाळणाऱ्याला उधाणाच्या तिथी ठाऊक, लावणीवाल्या बाईला कोणत्या कोपऱ्यात मीठ लवकर वर येते ते ठाऊक. पण या तुकड्यांना एकत्र आणणारी गोष्ट निराळी होती. मानशीवरची मासेमारी दरवर्षी पावणी करून, म्हणजे लिलावाने, दिली जाई आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी होई. जुन्या काबिजादीत हे काम गांवकरीकडे, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेकडे. गांवकरीचे रिवाज पोर्तुगीज अधिकारी आफोंसु मेशियाने १५२६ मध्येच लेखी केले होते. पेडण्यात बऱ्याच ठिकाणी देशप्रभूंसारख्या मोठ्या भाटकारांचा, म्हणजे जमीनदारांचा, वरचष्मा होता, तिथे दाम त्यांचे आणि घाम कुळांचा. बांध खचला तर रात्री कोणी धावायचे, चिखल कोणी काढायचा, खर्च कोणाच्या नावे मांडायचा, हे ठरलेले होते. फोंड्याकडे दुर्भाट-अडकोणला पौष अमावास्येला बांधाजवळ चिखलाची मगर घालून पुजतात; त्या पूजेआड वर्षातून एकदा साऱ्यांनी बांध नजरेखालून घालण्याची सोय होती, असे मला वाटते.

ती व्यवस्था गोड नव्हती, हेही सांगायला हवे. गांवकरीत हक्क पुरुषांना, तेही ठरावीक कुळांतल्या. चिखलात उतरणारे गावडे, कुणबी बहुधा त्या हिशेबात कुठेच नसत. पेडण्यातच जन्मलेल्या भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने १९६४ चा कूळ कायदा आणला आणि शशिकला काकोडकरांच्या काळात, १९७६ च्या दुरुस्तीने, कसणारा मालक झाला. हे व्हायलाच हवे होते. चूक दुसऱ्या ठिकाणी झाली. 'कसेल त्याची जमीन' हे ठरले; पण बांध कोणाचा, याचे उत्तर नीट दिलेच गेले नाही. १९७५ च्या नियमांनी बांध-मानशींची सामाईक जबाबदारी कुळांच्या संघटनांवर टाकली. कागदावर ते ठीक दिसते. प्रत्यक्षात संघटनेच्या हाती पैशाची एकच मोठी वाट राहिली, मानशीची पावणी. आणि भातापेक्षा कोळंबीला भाव जास्त. मग पावणी घेणाऱ्याचा फायदा खारे पाणी जास्त काळ आत ठेवण्यात, शेतकऱ्याचा ते वेळेवर बाहेर काढण्यात. शेत एकदा खारावले की शेतकरी ते सोडतो, सोडलेल्या शेताचा बांध कोणी पाहत नाही, आणि दुसऱ्या पावसाळ्याला शेजाऱ्याचेही शेत जाते.

आता विचारा, इथे विसरले कोण? पावणी घेणाऱ्याला भरतीची वेळ मिनिटागणिक पाठ असते. उधाणाला झडप किती उचलायची, पाण्याच्या रंगावरून कोळंबी कधी येणार, हे त्याला कोणत्याही म्हाताऱ्याइतके कळते. ज्ञान शाबूत आहे. ते फक्त बांधाच्या विरुद्ध बाजूला कामाला लागले आहे. अशा गावात जाऊन वृद्धांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्याने काय वाचणार?

डिचोलीत तर याहून उघड उदाहरण आहे. शिरगाव, मुळगाव, पिळगाव इथल्या लोकांना आपले झरे, तळी, पाटाचे पाणी यांची माहिती बोटांवर होती, आजही आहे. लोहखनिजाच्या खाणी भूजलाच्या पातळीखाली उतरल्या, विहिरी आटल्या, पावसाळ्यात वाहून आलेला लाल गाळ शेतात बसला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणकाम थांबले, २०१८ मध्ये पुन्हा थांबले, आणि डिसेंबर २०२२ च्या लिलावात डिचोलीचा खनिजपट्टा वेदांतकडे गेला. झऱ्याची माहिती असलेला माणूस जिवंत आहे, झरा नाही. त्याला कोणती नोंदवही उपयोगी पडेल?

यावर उत्तर येते की निदान लिहून ठेवले तर पुढे कामी येईल. लिहिण्याच्या बाजूने भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर जगातले दोन भक्कम दाखले आहेत, म्हणून ते तपासू. गार्सिया द ऑर्ताचा औषधींवरचा संवादरूप ग्रंथ जुन्या गोव्यात १५६३ मध्ये छापला गेला. त्यात मालुपा नावाचा हिंदू वैद्य येतो, आणि ऑर्ता स्थानिक वैद्यांकडून शिकल्याचे मोकळेपणाने मान्य करतो. चारच वर्षांत क्लुसिअस या युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन गोषवारा काढला आणि युरोपभर तो वाचला गेला. १५८० मध्ये इन्क्विझिशनने ऑर्ताची हाडे उकरून जाळली, पण पुस्तक राहिले. दुसरा दाखला 'हॉर्टस मलबारिकस'चा. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याने १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला बारा खंड छापवून घेतले. माहिती देणाऱ्यांत एळव समाजाचे वैद्य इट्टी अच्युतन होते, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांनी नागरी लिपीत कोकणीतून लिहिलेले १६७५ चे प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. याहून चांगली नोंद कोण करणार?

पण ग्रंथ लॅटिनमध्ये. लिनिअसला त्याचा उपयोग झाला, शेकडो वनस्पतींच्या नामकरणाला तो आधार ठरला. ज्यांच्या तोंडून माहिती घेतली, त्यांच्या नातवा-पणतवांना त्यातले एक पान वाचता आले नाही. के. एस. मणिलाल यांनी संपूर्ण इंग्रजी अनुवाद केला तो २००३ मध्ये. मधली तीनशे वर्षे मलबारातली वैद्यकी चालली ती शिष्य होते, रोगी होते आणि रानात जाऊन पाला आणायची मुभा होती म्हणून.

नोंदीचा उपयोग नाही असे मी म्हणत नाही. हळदीने जखम बरी करण्याचे अमेरिकन पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले ते लेखी पुरावा दाखवता आला म्हणूनच. कज्जात कागद लागतो. मात्र त्यातही एक मेख आहे. जैवविविधता कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त ग्रंथांतले पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्याला लाभवाटणीतून सूट दिली. म्हणजे जे ज्ञान ग्रंथात पोचले, त्याच्यावर गावाचा हक्क सांगणे अवघड झाले. 'लिहा म्हणजे वाचेल' म्हणणाऱ्यांनी कोणासाठी वाचेल, हेही सांगावे.

आरोग्याच्या बाबतीत आणखी एक गल्लत होते. ११ डिसेंबर २०२२ रोजी पेडण्यातल्या धारगळ इथे अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे रुग्णालय सुरू झाले, आणि पारंपरिक ज्ञानाला राजाश्रय मिळाला असे अग्रलेख आले. रुग्णालय उपयोगाचे आहे, त्याबद्दल वाद नाही. पण चरक-सुश्रुतांचा ग्रंथोक्त आयुर्वेद आणि गावातल्या वैजिणीचे, हाडवैद्याचे, पाला देणाऱ्या बाईचे ज्ञान या दोन निराळ्या गोष्टी आहेत; दुसऱ्या प्रकाराला त्या इमारतीत खुर्ची नाही. त्याच दिवशी, त्याच तालुक्यात, मोपाच्या विमानतळाचेही उद्घाटन झाले. ज्या सड्यावरची झाडे तोडून आणि पावसाळी कुरणे बुजवून धावपट्टी झाली, तिथल्या वनस्पती ओळखणारे लोक आसपासच्या वाड्यांवर अजून आहेत. त्यांनी ओळखायचे काय, हा प्रश्न राहतो.

या ठिकाणी माझ्याच बाजूच्या मंडळींशी थोडे भांडायला हवे. कावीळ झाली की गावठी औषध घेणे गोव्यात सर्रास चालते आणि त्याचे गोडवेही गायले जातात. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. यश औषधाच्या खात्यावर जमा होते. पण भातशेतीच्या देशात कावीळ लेप्टोस्पायरोसिसनेही होते, उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या शेतातल्या पाण्यातून, आणि तिथे चार दिवसांची दिरंगाई जीव घेते. खाजनातल्या बाईला मीठ कुठे वर येते हे कळते, कारण चुकली तर त्याच हंगामात पीक जळते. चूक लगेच समोर येते. काविळीच्या पाल्याची चूक समोर येत नाही, कारण बरा झालेला गावभर सांगतो आणि गेलेल्याचे कोणी मोजत नाही. म्हणून सगळे पारंपरिक ज्ञान एका पारड्यात तोलू नये. जिथे चूक उघडी पडायची सोय होती तिथले ज्ञान भरवशाचे, जिथे नव्हती तिथले तपासून घ्यावे. पेरूची पाने आणि काजूचे तेल याच कसोटीवर आत आली होती.

तर मग शाळेने काय करावे? २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत, स्थानिक कारागिरांबरोबर घालवायचे. पार्से, आगरवाडा, कोरगाव इथल्या शाळांनी ते दहा दिवस मे महिन्याआधी, बांधाच्या डागडुजीच्या वेळेला लावून घ्यावेत. मुलांनी उधाणाच्या दिवशी मानशीवर पाण्याची उंची मोजावी, शेताच्या चार कोपऱ्यांतले खारेपण स्वस्तातल्या मापकाने मोजून लावणीवाल्या बाईच्या अंदाजाशी ताडून पाहावे, आणि ते आकडे वहीत न ठेवता शेतकरी संघटनेच्या सभेत वाचून दाखवावेत. पावणीची रक्कम किती आली आणि बांधावर किती लागली, हाही एक धडा आहे. आठवीच्या गणिताला झेपेल असा.

यावर मुख्याध्यापक म्हणतील की हे राजकारण झाले, शाळेचे काम नव्हे. आक्षेप खरा आहे. त्या सभेत मुलीने रक्कम वाचली की कोणाची तरी भुवई चढणार, आणि ती बहुधा मुलांच्याच घरातली असणार. बांधाच्या ज्ञानात हिशेब मागणे पहिल्यापासून होते. तो भाग गाळून उरलेले शिकवायचे असेल, तर पाठ्यपुस्तकातला मानशीच्या चित्राचा धडा पुरेसा आहे.