पुढून मोटार, मागून टेम्पो

आमच्या भाच्याला अमेरिकेत जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हा त्याला एकाएकी मातीची ओढ लागली. परदेशी गेलेल्या मराठी माणसाला कधी ना कधी ही ओढ लागतेच, असं मी ऐकून होतो. कुणी ढोलताशाचं पथक काढतो, कुणी तळघरात गणपतीची आरास मांडतो. आमच्या भाच्यानं एक गंजलेली मोटार विकत घेतली.

मोटारीचा फोटो फोनवर आला. सौ.नं चष्मा लावून तो न्याहाळला आणि ती घाबरून म्हणाली, "लेकराला कुठं लागलं तर नाही ना? गाडीचा मागचा भाग राहिलाच नाही की हो!"

"मामी, ती तशीच असते," पलीकडून खुलासा आला. "एल कॅमिनो म्हणतात हिला. १९७२ ची आहे. पुढून कार, मागून पिकअप."

"नवी होती तेव्हाही अशीच होती?"

"हो."

"आणि लोकांनी पैसे देऊन घेतली?"

भाचा इंजिनिअर आहे. इंजिनिअर माणसाला प्रश्न विचारला की उत्तराऐवजी इतिहास मिळतो. तसा तो आम्हांला मिळाला, आणि खरं सांगायचं तर गोडही वाटला.

या कुळाची सुरुवात अमेरिकेत नव्हे, ऑस्ट्रेलियात झाली. १९३० नंतरच्या मंदीच्या दिवसांत व्हिक्टोरिया प्रांतातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोनं फोर्ड कंपनीला पत्र लिहिलं. रविवारी न भिजता चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील, अशी एकच गाडी द्या, अशी तिची मागणी होती. दोन गाड्या घेण्याची ऐपत नव्हती. ल्यू बँट नावाच्या कंपनीतल्या तरुण आरेखकानं मोटारीचं पुढचं अंग आणि मालगाडीचा हौदा एकाच पत्र्यात बसवला, आणि १९३४ साली ती गाडी बाजारात आली. बँट यांनी पुढं म्हातारपणी तसलीच एक जुनी गाडी स्वतः दुरुस्त करून उभी केली आणि १९८७ साली तीच चालवताना अपघातात ते गेले. छंदापायी माणूस कुठवर जातो ते पाहा.

अमेरिकेत ही कल्पना पोचायला वीस-बावीस वर्षं लागली. फोर्डची 'रँचेरो' १९५७ च्या मॉडेलात आली. शेजारच्या घरी फ्रीज आला की आपल्या घरी जे होतं तेच शेवरोलेच्या घरी झालं आणि १९५९ साली 'एल कॅमिनो' आली. मधली तीन वर्षं ती गायब झाली, १९६४ साली परतली आणि १९८७ पर्यंत टिकली. रँचेरो त्याआधीच, १९७९ साली, बंद झाली होती. नावं सगळी स्पॅनिश. रँचेरो म्हणजे गुरांच्या मळ्यावरचा माणूस, एल कॅमिनो म्हणजे वाट, आणि तिची एक जुळी बहीण होती कबायेरो, म्हणजे घोडेस्वार. नाव घोडेस्वाराचं, आणि हौद्यात खताची पोती!

पण पुढं पोत्यांचंही नाव निघेनासं झालं. १९७० च्या एल कॅमिनोत ७.४ लिटरचं इंजिन मिळायचं. आपल्या जुन्या अॅम्बॅसडरचं इंजिन दीड लिटरचं, म्हणजे पाच अॅम्बॅसडर एका बॉनेटखाली. एवढी ताकद गवताचे भारे वाहायला लागत नाही. शेतकरणीच्या गरजेतून जन्मलेली गाडी पोरांच्या शर्यतीत जाऊन पडली. खालच्या घरात जन्मून वरच्या घरात दत्तक गेलेल्या मुलाचं होतं तेच तिचं झालं. मोटारवाले तिला मालगाडी म्हणून हिणवत, मालगाडीवाले मोटार म्हणून. आज तिच्यावर जीव टाकणारे लोक आहेत ते मला वाटतं याच कारणानं. जी धड इकडची नाही, धड तिकडची नाही, तिचा कैवार घ्यायला कुणीतरी लागतंच.

या भक्तांत दोन पंथ आहेत. सनातनी आणि सुधारक. सनातनी माणूस कारखान्यातून निघाली त्या दिवशी गाडी जशी होती तशी करतो. नटाला नट, रंगाला रंग. कारखान्यातल्या तपासनिसानं चॅसीवर खडूनं फुली मारली असेल, तर हा साठीचा गृहस्थ गाडीखाली उताणा पडून तशीच फुली मारतो. सुधारक म्हणतो, रूप जुनं ठेवा, बाकी काळाप्रमाणे बदला. कार्बुरेटर काढा, संगणकानं पेट्रोल मोजून देणारं नवं इंजिन घाला, चारी चाकांना डिस्क ब्रेक लावा, वातानुकूलन बसवा. दोघंही गाडीवर सारखंच प्रेम करतात आणि एकमेकांकडे पाहून सारखेच कपाळावर हात मारतात. टिळक-आगरकरांच्या महाराष्ट्राला हा वाद समजावून सांगायला नको.

आमचा भाचा सुधारक. शनिवार-रविवार तो गंज खरवडायचा आणि दर शनिवारी कुठं काय सापडलं ते कळवायचा. एकदा त्यानं हौद्याचा पत्रा उचलला तर खाली खोल खड्डा निघाला. ही गाडी घडवताना कंपनीनं कुटुंबाच्या मोठ्या गाडीचा, स्टेशन वॅगनचा, तळ वापरला होता. मागच्या बाकावरच्या मंडळींनी पाय ठेवायचे तो खळगा तसाच राहिला होता, वर पत्रा ठोकून दिला होता. हौशी मंडळी त्याला चोरट्या मालाची पेटी म्हणतात.

"मामा," तो म्हणाला, "म्हणजे कधीच न बसलेल्या माणसांच्या पायांसाठी जागा आहे बघा यात."

मी "हं" म्हणालो आणि फोन ठेवला. कारण आमच्या गोठ्यातही तशीच एक जागा होती, आणि तिथं एकदा मी बसत होतो.

त्याचं असं झालं. अमेरिकन मोटारी आपल्याकडे विमानातून पडल्या नव्हत्या. जनरल मोटर्सनं १९२८ सालीच मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना घातला होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि १९४७ पासून कुर्ल्याला डॉज, डिसोटो, प्लिमथ जोडल्या जाऊ लागल्या. पुढं १९५३ साली सरकारनं धोरण ठरवलं की नुसती जोडाजोड चालायची नाही, गाडी इथंच बनवायची इच्छा असेल त्यानंच राहावं. १९५४ साली शिवडीचा कारखाना बंद झाला. गाड्या मात्र रस्त्यावर राहिल्या, सुट्या भागांवाचून, माहेर तुटलेल्या सुनांसारख्या.

अशीच एक सून आमच्या आण्णांनी १९५९ साली हैदराबादेहून आणली. तिकडे १९४९ साली जहागिऱ्या गेल्या, तेव्हापासून हवेल्यांतून बरंच काही बाहेर पडत होतं. नाकावरची नावाची पट्टी कुणीतरी आधीच काढून नेली होती, त्यामुळे तिची जात आम्हांला कधीच कळली नाही. गाव तिला 'अमेरिकन' म्हणायचं. मागचं बाक एवढं मोठं की आम्ही पाच भावंडं बसून भांडायला जागा उरायची.

आण्णांचा धंदा फुलांचा. मुदखेडची फुलं तेव्हाही नावाजलेली. मोगरा, काकडा, गुलाब, गलांडा पहाटे मळ्यातून उचलायचा आणि गाडी गाठायची. मुदखेड जंक्शन, नांदेडकडे, निजामाबादकडे आणि आदिलाबादकडे अशा तिन्ही वाटा इथून फुटतात. फुलाला मात्र वाट पाहणं ठाऊक नाही. बैलगाडीतून मोगरा स्टेशनात येईपर्यंत आगगाडी निघून जायची आणि फूल दुपारी मान टाकायचं. १९६४ साली एका पहाटे अशीच गाडी चुकली. आण्णांनी सरळ नांदेडहून मिस्त्री आणला. अमेरिकनचं छत पुढच्या बाकामागं कापलं, मागचं बाक काढलं, सागाच्या फळ्या टाकून वर हौदा बांधला, मागं फाळका लावला. पेट्रोलचं इंजिन जाऊन डिझेलचं आलं. तेव्हा देशभर जुन्या गाड्यांना हे भाग्य लाभत होतं. आधी ती गाडी कुजबुजत यायची, आता पिठाची गिरणी चालत आल्यासारखी यायची.

आई हमसून रडली. "माणसं बसायची जागा कापलीत," म्हणाली.

"माणसं बसून कुठं जायलीत?" आण्णा म्हणाले. "फुलं जायलीत."

ऑस्ट्रेलियातल्या त्या बाईंचं पत्र आण्णांनी वाचलेलं नव्हतं. पण गरज एकच असली की अक्कलही एकच सुचते. त्या गाडीवर दोन बहिणींची लग्नं झाली, माझं कॉलेज झालं. १९८३ साली आण्णांनी मॅटॅडोर घेतली आणि अमेरिकन गोठ्यात गेली.

गेल्या दिवाळीत भाचा आला तो थेट गोठ्यात शिरला. कडब्याखालून गाडी बाहेर निघताच त्यानं तिच्याभोवती प्रदक्षिणाच घातली.

"मामा, हिला उभी करायची!"

"कर की. पण कोणती?"

हा प्रश्न मला वाटलं त्याहून अवघड निघाला. २०२१ साली आपल्या सरकारनं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हिंटेज'चा मान दिला. वीस हजार रुपये भरा, 'व्हीए' अक्षरांची खास पाटी घ्या आणि मिरवा. अट एकच, गाडी मूळ रूपात हवी. चॅसी, अंग, इंजिन यांत मोठा बदल नको. म्हणजे आण्णांनी एका दिवसात तिन्ही नियम मोडले होते, तेही सत्तावन्न वर्षं आधी. शिवाय कंपनीनं घडवलेल्या गाडीच्या मूळ ठेवणीत बदल चालणार नाहीत, असं २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलंय. एरवी वाहन फिरवायचं तर त्यात तथ्य आहेच. रस्त्यावर प्रत्येक जण आण्णा झाला तर आपण चालायचं कुठून?

भाच्यातला सुधारक क्षणात सनातनी झाला. "छत पुन्हा बसवू. मागचं बाक करू. हैदराबादेहून आली तशी."

"आणि आण्णांचं काय करायचं?" मी विचारलं.

त्याला कळेना. मी म्हटलं, "हैदराबादहून आली ती कुणा नवाबाची. मुदखेडात राबली ती आमची. तू मूळ म्हणतोस ते कोणतं?" आपल्याकडे उलटं उदाहरणही आहे. टाटांनी १९८८ साली आधी पिकअप काढला आणि त्याच सांगाड्यावर १९९१ साली सिएरा, १९९२ साली इस्टेट अशा माणसांच्या मोटारी बेतल्या. तिथं मूळ रूप मालवाहूचं. तेव्हा रूप कशाचं मूळ आणि कशाचं मागून आलेलं, हे गाडीच्या पोटात शिरल्याशिवाय सांगता येत नाही.

पोटात शिरायचंच होतं. आम्ही हौद्याच्या फळ्या उचलल्या. खाली तोच खळगा, मागच्या बाकावर बसून आम्ही पाय सोडायचो तो. त्यात वाळलेल्या फुलांचा चुरा, उंदराचं घरटं, आणि गंजलेलं एक षटकोनी लोखंडी वजन. दोनशे ग्रॅमचं.

ते मी लगेच ओळखलं. शेर-पावशेर जाऊन किलोची नवी वजनं आली होती त्या काळातलं. १९६५ साली ते हरवलं. आण्णा स्टेशनावरच्या आमच्या हमालकाकांना एवढंच म्हणाले, "वजनाला पाय फुटत नसतात." दुसऱ्या दिवसापासून हमालकाका आले नाहीत. त्या दुपारी मी हौद्यात बसून वजनं मांडून दुकान-दुकान खेळत होतो. फळीच्या टोकाशी मूठभर फट होती. मी हे तेव्हा कुणाला सांगितलं नाही, कारण मला कुणी विचारलं नाही. नऊ वर्षांच्या पोराला हे कारण पुरतं. पुढं साठ वर्षं पुरवून पुरवून वापरलं.

हमालकाका कधीच गेले. त्यांचा मुलगा नांदेडला फुलांचं दुकान चालवतो. माझ्याच वयाचा. त्या रस्त्यानं जाताना मी नेहमी पलीकडच्या बाजूनं जातो. या खेपेला अलीकडच्या बाजूनं गेलो, वजन त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. बराच वेळ तो हारातली पानं सारखी करत राहिला.

"बाबा शेवटपर्यंत म्हणायचे," तो म्हणाला, "की ते वजन गाडीतच असंल."

मग त्यानं ते उचललं, पुसलं आणि सहज म्हणून इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवलं. लाल आकडे थरथरले आणि दोनशे सहावर थांबले. फुलं विकत घेणाऱ्या माणसाचं वजन सहा ग्रॅमनं भारी म्हणजे काय, ते आम्हां दोघांनाही कळत होतं. दोघंही याच धंद्यात वाढलो होतो.

"गंज चढलाय," मी म्हणालो. "त्यानं वाढलं असेल."

"असंल," तो म्हणाला आणि पंख्यानं उडणाऱ्या पावत्यांवर त्यानं ते ठेवून दिलं.

घरी आल्यावर भाच्याला सांगितलं, गंज काढ, ब्रेक नवे घाल, पाटी मिळाली नाही तरी चालेल. हौदा मात्र ठेव. आणि ती फळीच्या टोकाची फट तेवढी बुजव.